दोन बोटं उंचीचं गवत

माझ्या एका जुन्या वहीच्या शेवटच्या पानावर लॅटिन शब्दांची यादी आहे. मॅग्नस म्हणजे मोठा. पार्वस लहान. ग्रँडिस भव्य, प्रोसेरस उंच, एक्झिग्वस तुटपुंजा, प्युमिलस ठेंगणा, पुसिलस अगदीच चिमुकला. झाडाझुडपांच्या शास्त्रीय नावात पहिला शब्द घराण्याचा असतो, दुसरा त्या एका जातीचा, आणि तो दुसरा शब्द पुष्कळदा नुसतं माप सांगतो. एमएस्सीच्या पहिल्या वर्षी हे सगळं मी वडिलांच्या मेंढरांमागं चालत पाठ केलं, पाटोद्याच्या वरच्या अंगाला, बालाघाटाच्या माळावर. हातात वही आणि खांद्यावर एखादं दमलेलं कोकरू.

शब्द डोक्यात राहीनात, म्हणून मी मेंढ्यांनाच ती नावं स्त्रीलिंगी करून दिली. कळपाच्या पुढं चालणारी दांडगी ती मॅग्ना, लांब तंगड्यांची प्रोसेरा, आणि आई मेल्यावर आम्ही बाटलीनं दूध पाजलेलं कोकरू म्हणजे एक्झिग्वा. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हसण्यावारी नेलं नाही. आठ दिवसांत त्यांना सगळी नावं तोंडपाठ. “तुझी प्रोसेरा आज लंगडायली बघ,” असं ते अगदी सरळ चेहऱ्यानं सांगत. पुढं एक्झिग्वा खाऊन खाऊन कळपातली सगळ्यात जाड मेंढी झाली. आबा म्हणाले, “हिचं नाव आता बदलावं लागतंय गं.” मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले, “न्हाई आबा. एकदा दिलं की दिलं. नियम हाय तसा.”

नियम खरंच तसा आहे. मापाचं नाव चुकलं म्हणून रद्द होत नाही. आपल्या हत्तीला मॅक्सिमस म्हणतात, सगळ्यात मोठा, आणि आफ्रिकेतला हत्ती त्याच्याहून थोराड निघाला तरी मॅक्सिमस हाच. मारुतीला शनिवारी जिच्या पानांची माळ घालतात त्या रुईच्या दोन जाती. एकीचं नाव राक्षसी, दुसरीचं उंच, आणि आमच्याकडं रस्त्याच्या कडेला दोघी माझ्या खांद्याला लागत नाहीत. नाव ठेवणाऱ्यानं कुठं, कधी, कशाच्या शेजारी उभं राहून पाहिलं, यावर सगळं असतं. हे मी वर्गात गेली बारा वर्षं शिकवते आहे. मुलींना हसवायला हत्तीचा दाखला देते. मुली हसतात. मला स्वतःला मात्र तो दाखला वेळेवर आठवला नाही.

मी तालुक्याच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे दर जूनमध्ये नव्यानं अर्ज करायचा आणि दर एप्रिलमध्ये घरी बसायचं. लग्न झालं होतं, मोडलं, मी माहेरी परत आले. त्यानंतर दोन वर्षांनी आई गेली. घरात आबा आणि मी. गावातल्या बायका तोंडावर मॅडम म्हणत आणि पाठ वळली की ‘ती घरी बसलेली’. पीएचडी झाली तर कायम होण्याची आशा होती. झाली नाही तर चाळिशीनंतर मला कोण विचारणार होतं? म्हणून बालाघाटाच्या माळावरची गवतं हा विषय घेऊन मी नाव नोंदवलं. आधी मुदत संपली, मग वाढवून मिळाली, मग अजून एकदा. शेवटच्या वाढीव मुदतीच्या पत्रात ‘शेवटची’ हा शब्द ठळक छापलेला होता. ते पत्र मी देवळीत, आईच्या फोटोमागं ठेवलं होतं.

माझे मार्गदर्शक सर विद्यापीठाच्या शहरात बसत. माणूस हुशार, पण घाईचा. त्यांनी पहिल्याच वर्षी स्पष्ट सांगितलं होतं, “नुसती यादी करून काय होणार, मॅडम? अशा याद्या पडलेल्यात ढिगानं. एखादी नवी जात सापडू द्या, मग बघा.” मला राग आला होता. नवी जात काय बाजारात मिळते? पण त्या रागातच मी प्रत्येक दगडाच्या आडोशाला वाकून बघायला लागले, आणि दुसऱ्या पावसाळ्यात ती सापडली.

माझी हिंडायची पद्धत सांगायला हवी, कारण सगळं तिच्यात आहे. मी कळपाच्या मागून चालते. लहानपणापासून तशीच चालत आले. मेंढरं पुढं गेली की साप बाजूला होतो, काटा दिसायला लागतो, पाय कुठं टाकायचा ते कळतं. धनगराच्या पोरीला हे कुणी शिकवावं लागत नाही. बाकीचे संशोधक जीपमधून उतरतात आणि त्यांना हवं तिकडं जातात. मी चार पावसाळे आबांच्या ऐंशी मेंढरांच्या मागं, त्यांनी तुडवलेल्या वाटेनं, पिशवी आणि खुरपं घेऊन हिंडले. मला त्याचा अभिमान होता. सरांना मी म्हणाले पण होते, की माझ्याइतका हा माळ कुणाला ठाऊक नाही.

गवत होतं दोन बोटं उंच. जमिनीला चिकटून पसरलेलं, आणि एवढ्याशा उंचीवर त्याला तुरा आलेला. बाकी गवतांच्या तुऱ्याला बोटांसारखे चार-पाच फाटे फुटतात, याला एक, फार तर दोन. कुठं चावल्याची खूण नाही, शेंडा तुटलेला नाही. मी त्यातलेच शाबूत तुरे वेचून घेतले, अर्थातच. अर्धवट खाल्लेलं कोण घेतं? मारवेलच्या घराण्यातलं ते नक्की होतं. मारवेल आमच्याकडं बांधाबांधाला असते, जनावरं आवडीनं खातात, तिच्या प्रत्येक पेरावर पांढऱ्या केसांची बारीक कडी असते. या ठेंगण्याची पेरं एकमेकांत इतकी दडलेली की कडी काही दिसेना. मी भिंगाखाली धरलं, दिवा जवळ ओढला आणि परत पहिल्यापासून बघितलं.

सरांनी शीट पाहिलं. गवत वाळवून कागदावर दोऱ्यानं टाचतात त्याला आम्ही शीट म्हणतो. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला आणि म्हणाले, “हे वेगळं आहे.” त्या तीन शब्दांवर मी पुढची सगळी वर्षं काढली.

पुढच्या वर्षी मी त्या माळावरच्या दहा ठोंबांना खुणा केल्या. तेलाच्या डब्याचा पत्रा आबांनी मेंढ्या भादरायच्या कातरीनं कापून दिला, मी खिळ्यानं त्यावर एक ते दहा आकडे कोरले आणि तारेनं एकेक बिल्ला एकेका ठोंबाच्या बुडाला बांधला. आबा उकिडवे बसून बघत होते. त्यांना तेव्हा मोतीबिंदूनं नीट दिसत नव्हतं, गवताला नाक लावून बघायचे.

“केवढं लागतंय तुला?” त्यांनी विचारलं.

“हेच. एवढंच. दोन बोटं. जेवढं बारकं तेवढं चांगलं, आबा. मोठं झालं तर माझं काम गेलं.”

शेवटचं वाक्य मी हसत बोलले. आबा हसले नाहीत. त्यांनी दोन बोटं जमिनीवर आडवी टेकवून नीट माप घेतलं. आबांची मापं सगळी अशीच, अंगावरची. गवत टाचेला आलं, घोट्याला आलं, पोटरीला आलं, की कळप तिथं किती दिवस निघेल ते त्यांना लगेच सांगता येतं. माझ्या लॅटिनमध्ये मोठा आणि लहान एवढंच कळायचं, त्यांच्या मापात पोट भरणार की नाही ते कळायचं. हे मी एका निबंधात छान सजवून लिहिलंही होतं.

नाव काय ठेवायचं यावर मी कितीतरी संध्याकाळी घालवल्या. पार्वम, म्हणजे पार्वसचंच नपुंसक रूप, फार साधं. एक्झिग्वम म्हणजे तुटपुंजं, त्यात जरा कीव आहे, आणि मला त्या गवताची कीव येत नव्हती. पुसिलममध्ये दुबळेपण आहे. मिनिमम म्हणावं तर उद्या कुणाला याच्याहून लहान सापडायचं आणि फजिती व्हायची. शेवटी प्युमिलम ठरवलं, ठेंगणं. धट्टंकट्टं, आपल्या जागी पाय रोवून असलेलं, पण ठेंगणं. मी ते नाव प्रबंधाच्या मसुद्यात पहिल्यांदा टाइप केलं तेव्हा स्वैपाकघरात जाऊन गुळाचा खडा तोंडात टाकला. कुणाला सांगणार होते?

तेव्हा मला एका गोष्टीचा राग यायचा. आबा त्या माळाचा नाद सोडीनात. पलीकडच्या उतारावर गुडघाभर गवत आलेलं, आणि हे आपले मेंढरं घेऊन परत परत त्याच उघड्या माळावर. चुलतभाऊ अर्ध्या कळपाचा वाटेकरी, तो चिडायचा. मेंढरं वाळली म्हणायचा, आणि खरंच वाळली होती. “म्हातारपण आलंय, दुसरं काय,” असं मीही म्हणाले. मला तर बरंच होतं. आबा माळावर, मी माळावर, माझे ठोंब डोळ्यासमोर.

शेवटच्या वर्षी जूनमध्ये आबांचे डोळे अगदीच गेले. आधी एकाचं, मग दुसऱ्याचं, बीडला ऑपरेशन केलं. डॉक्टरांनी सांगितलं, धुळीत जायचं नाही, वाकायचं नाही, उन्हात काळा चष्मा. चुलतभाऊ कळप घेऊन चकलांब्याकडं उतरला, तिकडं त्याच्या सासऱ्याचं रान होतं. आबा पहिल्यांदाच पावसाळाभर घरी बसले. दिवसातून दहा वेळा दारात यायचे आणि डोंगराकडं तोंड करून उभे राहायचे. मी प्रबंध लिहीत होते. माळावर जायला मला वेळच झाला नाही.

सप्टेंबरअखेर प्रबंध जमा करायचा होता. अकरा दिवस उरले असताना सरांचा फोन आला. नव्या जातीसाठी याच वर्षीची दोन ताजी शीट्स जोडावी लागतील, म्हणाले. मी म्हणाले, त्यात काय, सकाळी जाते, दुपारी घेऊन येते.

माळ ओळखू आला नाही. मी आधी वाट चुकले असंच समजले. जिथं उघडी मुरमाड जमीन होती तिथं मांड्यांपर्यंत गवत उभं होतं आणि वाऱ्यानं एका अंगाला झुकत होतं. माझं ठेंगणं गवत कुठंच नव्हतं. मी गवत बाजूला सारत, वाकून, नंतर गुडघ्यावर रांगत दोन तास शोधलं. साडी फाटली, हाताला कुसळं टोचली. मोठ्या गवतानं त्याचं ऊन अडवलं असेल, ते मेलं असेल, असं मनाशी म्हणत होते. म्हणजे नवी जात सापडली आणि लगेच नष्टही झाली! तेवढ्यातही माझ्या डोक्यात एक वाक्य तयार व्हायला लागलं, प्रबंधात शोभेल असं.

मग माझा हात पत्र्याला लागला.

सात नंबरचा बिल्ला. गंजलेला, पण सातचा आकडा स्पष्ट. तार तशीच, मी पिळलेली. आणि तारेच्या आतून जो ठोंब वर गेला होता तो माझ्या मांडीच्याही वर गेला होता. पेरं लांब लांब झाली होती आणि प्रत्येक पेरावर पांढऱ्या केसांची कडी होती. तुऱ्याला पाच फाटे फुटलेले. मारवेल. शाळेतल्या पोरानंही ओळखावी अशी मारवेल.

मी तीन नंबर शोधला, मग नऊ, मग एक. चार बिल्ले सापडले आणि चारही मारवेलच्या बुडाला. नवी जात कधी नव्हतीच. मेंढरं रोज कुरतडत होती म्हणून गवत जमिनीला चिकटून राहात होतं, आणि दातांच्या खाली जेवढं सापडेल तेवढ्यात तुरा काढत होतं. मी चार वर्षं कळपाच्या मागून चालले आणि कळपानं जे केलं त्याला लॅटिनमध्ये नाव दिलं. धनगराची पोर मी. मला हे कळू नये? दुसऱ्या कुणाची ही चूक झाली असती तर मी पोट धरून हसले असते. मी तिथंच बसले. किती वेळ ते माहीत नाही. ओरडले का, तेही आठवत नाही, पण घसा बसला होता, तेव्हा ओरडले असेन.

सात नंबरचा ठोंब मुळासकट काढला, बिल्ल्यासकट वर्तमानपत्रात गुंडाळला आणि खाली आले. वाटेत रेंज आली तिथं उभं राहून सरांना सगळं सांगितलं.

“तुमच्याकडे आधीची शीट्स आहेत ना?” ते म्हणाले. “ती जमा करा. बाकी काही बोलू नका. बीडच्या माळावर कोण येतंय तपासायला?”

“पण सर, हे मारवेल आहे.”

“मॅडम, दहा दिवसांत दुसरा प्रबंध लिहिणार आहात का? हे प्रकरण काढलं तर उरतं काय? याद्या मी खूप पाहिल्यात. सही करताना मलाही काहीतरी दिसायला हवं.”

खरं सांगते, त्या क्षणी मला त्यांचं म्हणणं पटलं होतं. इतकं पटलं की ‘बरं सर’ म्हणून मी फोन ठेवला.

घरी आबा ओट्यावर काळा चष्मा लावून बसले होते. माझी फाटलेली साडी त्यांना आता दिसत होती.

“कावून रडायलीस माय? काय झालं?”

“गवत मोठं झालं, आबा. बारकं राह्यलंच न्हाई.”

मला वाटलं त्यांना कळणार नाही. मग त्यांचा चेहरा अपराध्यासारखा झाला.

“माझ्यामुळं झालं बघ. डोळ्याचं मधीच निघालं, न्हाई तर म्या मोठं होऊच दिलं नसतं. दोन साल धरून ठेवलं हुतं की.”

“धरून ठेवलं म्हंजे?”

“आगं, तूच म्हणलीस ना, दोन बोटं पायजे, मोठं झालं तर काम गेलं. तवापासनं एक दिस सोडला न्हाई म्या. जरा वर आलं की घातली मेंढरं. तुझा भाऊ लई बोलायचा मला, मेंढरं मारतो म्हणून. म्या म्हणलं, बोल. आमच्या बाईचं पुस्तक हाय.”

मेंढरं का वाळली होती ते मला त्या ओट्यावर कळलं. पहिल्या वर्षीचं गवत कळपानं सहज चरलेलं होतं, ती माझी चूक. पण नंतरची दोन वर्षं या माणसानं अर्धवट डोळ्यांनी गवताला नाक लावून लावून ते माझ्यासाठी लहान ठेवलं होतं, दोन बोटांच्या मापानं, एक दिवसही न चुकता. माझे दहा ठोंब दहाही तसेच राहिले हे मी प्रबंधात पुरावा म्हणून लिहिलं होतं. जात पक्की असल्याचा पुरावा! मला त्यांच्यावर किंचाळावंसं वाटलं. मी आत गेले, पाण्याची बादली लाथाडली, ती उपडी झाली, सगळी चूल भिजली. बाहेर येऊन म्हणाले, “बादली सांडली.” त्यांना सांगायची हिंमत झाली नाही. काय सांगणार होते, की तुमच्या मायेनं माझा घात केला म्हणून?

“बारकं करायला कितीक येळ लागतो?” आबा म्हणाले, माझ्याशी की स्वतःशी कुणास ठाऊक. मी लक्ष दिलं नाही.

त्यानंतरचे दिवस मी घरातच होते. कॉलेजात रजा टाकली. प्रबंध समोर उघडा आणि शेजारी वाळवणीच्या लाकडी पट्ट्यांत दाबलेला सात नंबरचा ठोंब, त्यावर वजन म्हणून आबांची घोंगडी. मी रोज ठरवायची, आज तो ठोंब फेकून द्यायचा. रोज पट्ट्यांचे पट्टे सोडायची, बघायची, परत आवळायची. स्वतःला समजवायचे मार्ग तर मला भरपूर सुचले. एक गवत, कुणाचं काय बिघडतं? कुणाचं पोट मारलं जात नाही. माझं मात्र मारलं जाईल. देवाला सुद्धा सांगून झालं. लिंबागणेशला जाऊन नारळ फोडून आले आणि नेमकं काय मागायचं तेच तिथं सुचलं नाही.

मुदतीला चार दिवस राहिले होते. सकाळी आबा घरात नव्हते. काठी नव्हती, चष्मा तेवढा खुंटीला. मी धावत माळावर गेले. वाटेतच घंटांचा आवाज ऐकू आला.

चुलतभावाला फोन करून त्यांनी कळप परत बोलावला होता, आणि एकटा आपलाच नाही. चुलतभाऊ तोंड फुगवून एका दगडावर बसला होता. सोबत अजून दोन घरांची मेंढरं, सगळी मिळून दोनशेच्या वर, तीन दिवस त्याच माळावर. माळ पुन्हा उघडा पडला होता. मुरूम दिसत होता. आबा उघड्या डोळ्यांनी, धुळीत, डॉक्टरांनी जे जे करू नका सांगितलं ते सगळं करत उभे होते. डोळे लाल झालेले आणि पाणी वाहात होतं. मला पाहून त्यांनी वाकून जमिनीला दोन बोटं टेकवली.

“ये, बघ. झालं का न्हाई बारकं? दाखव आता तुझ्या सायबाला.”

उरलेले बिल्ले मेंढरांच्या पायांनी उखडून कुठं कुठं गेले होते. एकही उंच ठोंब शिल्लक नव्हता. कुणी तपासायला आलंच असतं तर त्याला माझ्या प्रबंधात लिहिलं आहे तसाच माळ दिसला असता, दोन बोटं गवताचा. माझं खोटं आबांनी खरं करून दिलं होतं. त्याच्या विरुद्ध आता साऱ्या जगात एकच वस्तू उरली होती, माझ्या घरात घोंगडीखाली दाबलेली.

“झालं, आबा,” मी म्हणाले. “एकदम बरोबर झालं. चला आता, डोळे धुवा.”

दुपारी चहाला चूल पेटवली आणि सात नंबरचं गवत मी चुलीपर्यंत नेलं. हे लपवत नाही. विस्तवापासून वीतभर धरलं. वाळलेलं गवत, एका क्षणाचं काम होतं. मला सत्याचा वगैरे पुळका आला नाही. मला एक्झिग्वा आठवली, पोट सुटलेली, जड पावलांनी कळपात शेवटी चालणारी, आणि तरी मरेपर्यंत तुटपुंजी. एकदा दिलं की दिलं. मी मेल्यावरही प्युमिलम राहणार. कुणीतरी पोर पुस्तक घेऊन हा डोंगर चढणार, ठेंगणं गवत शोधत रांगणार, आणि बांधावरची मारवेल तिच्या कमरेला लागत असणार. मला तिचे ओरखडलेले हात दिसले. मी हात मागं घेतला आणि रडले, कारण मी काय करणार आहे ते मला कळलं होतं आणि मला ते करायचं नव्हतं.

मी ते शीट टाचलं. सोबत एक पान लिहिलं, की ही वेगळी जात नाही, चराईनं खुरटलेली मारवेल आहे, आणि नवीन नाव मागं घेत आहे. ते घेऊन शहरात गेले. सरांनी पान वाचलं, शीट उजेडाकडं धरलं, बिल्ल्यावरून अंगठा फिरवला. सही करणार नाही असं ते म्हणाले नाहीत. पुढच्या आठवड्यात बघू म्हणाले. पुढच्या आठवड्यात मुदत संपलेली असणार होती, हे आम्हा दोघांना माहीत होतं. येताना एसटीत मी खिडकीशी बसले आणि बीड येईपर्यंत रस्त्याकडेची रुई बघत राहिले.

आबा फाट्यावर येऊन थांबले होते.

“झालं का काम?”

“झालं.”

“बारकं होतं म्हणून झालं,” ते म्हणाले.

त्याला आता तीन पावसाळे झाले. मी अजून दर जूनमध्ये अर्ज करते. नोंदणी रद्द झाल्याचं पत्र आईच्या फोटोमागं आहे, त्या जुन्या पत्राच्या शेजारी. आबांना मी काही सांगितलेलं नाही. चुलतभाऊ कळपातून वाटणी घेऊन वेगळा झाला, आबांकडं तीसेक मेंढरं उरली, आणि पाऊस लागला की ती तीस मेंढरं घेऊन ते त्याच माळावर जातात. पलीकडं चांगलं गवत आहे, तिकडं न्या, असं मी किती वेळा सांगितलं. “आन तुला परत लागलं तर?” म्हणतात. त्यांना वाटतं, पुस्तकं लिहिणाऱ्याला दर साली लागत असेल.

परवा ते ठोंब घेऊन आले, मातीसकट, पटक्याच्या पदरात गुंडाळून. ओंजळीत मावेल एवढा.

“बघ, यंदा दीडच बोट हाय. आपरेशन झाल्यापासनं मला बारकं लई चांगलं दिसायलंय.”

मी पट्टी आणली, त्यांच्यासमोर मोजलं, हवं तसंच आहे म्हणाले. ते समाधानानं हातपाय धुवायला गेले. मग मी दरवर्षीसारखं ते वाळवायला घातलं. माझ्या खाटेखाली आता अशी तीन शीट्स होतील. चिठ्ठीवर मी ठिकाण लिहिते, गोळा करणारा म्हणून आबांचं नाव लिहिते, उंचीच्या रकान्यात दीड बोट, आणि जातीच्या रकान्यात मारवेल. शेवटी शेऱ्याचा रकाना उरतो. त्यात मी लिहिलं, माझ्यासाठी चारलेलं.